ऐकलेले आणि ऐकायचे राहिलेले

समाजमाध्यमावर एखाद्याला फॉलो करणे म्हणजे त्याचे इथून पुढचे सगळे बोलणे ऐकू, अशी आधीच देऊन टाकलेली कबुली. बोट टेकवायला क्षण पुरतो. कबुली मात्र तो माणूस लिहीत राहील तोवर चालते. अशी एकटी कबुली जड नसते. सहाशे झाल्या की तिचे वजन साध्या गुणाकाराने कळते. सहाशे खात्यांनी दिवसाला दोन-दोन गोष्टी टाकल्या तर बाराशे होतात, आणि एकेकीवर पंधराच सेकंद थांबले तरी पाच तास जातात. इन्स्टाग्राम एका खात्याला साडेसात हजार जणांना फॉलो करू देते. फेसबुकवर पाच हजारांपर्यंत मित्र जोडता येतात. ऐकणाऱ्याचा दिवस किती मोठा, याचा या आकड्यांशी काही मेळ दिसत नाही.

या भाराकडे बहुतेक वेळा वेळेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. रोज किती मिनिटे वाया गेली, ती कशी वाचवावीत, असे त्याचे स्वरूप असते. भारतीय धर्मविचारात मात्र ऐकणे ही एक कृती मानली आहे. ती करणारा आहे, तिला फळ आहे, आणि म्हणून कोणाचे ऐकावे, किती ऐकावे, कुठे थांबावे हा आचरणाचा प्रश्न ठरतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला जी वाट सांगतो तिच्यात श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन येते. तिन्हींमध्ये अंतर आहे. ऐकलेले आत मुरायला अवधी लागतो, आणि तो अवधीसुद्धा ज्ञानाचाच भाग आहे. एकापाठोपाठ एक सरकणाऱ्या फीडमध्ये हे अंतर नाहीसे होते. श्रवणाला लागून दुसरे श्रवण येते आणि मननाची जागाच उरत नाही. खरे नुकसान इथे होते, मिनिटांच्या हिशेबात नाही.

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरसारख्या गावी हा प्रश्न अगदी जवळून पाहता येतो. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केले आणि त्याचा कारखाना इथे उभा राहिला. आज पांडुरंग सहकारी साखर कारखाना इथेच आहे. म्हणजे गाव उसाचे आणि कारखान्याचे. संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूज सोडून, माळीनगरचे उभे रिंगण आटोपून बोरगावच्या मुक्कामाकडे निघते तेव्हा वाटेत श्रीपूरच्या साखर कारखान्यावर विसावते. म्हणजे गाव वारीच्या वाटेवरचेही. एकाच रस्त्यावरून हंगामात उसाच्या गाड्या जातात आणि आषाढात दिंड्या.

या भागातल्या एखाद्या ऊसउत्पादकाचा मोबाइल उघडला तर काय दिसेल? उजनी धरण किती टक्के भरले, हे रोज सांगणारी दोन-तीन पाने. हवामानाचा अंदाज देणारे चार जण, आणि चौघांचे चार अंदाज. आडसाली लागणीला कोणते खत घालावे, खोडवा कसा राखावा, हे सांगणारी यूट्यूब वाहिन्यांची रांग. उसाच्या किमान दराची, म्हणजे एफआरपीची, आणि पहिल्या उचलीची चर्चा. कारखान्याच्या गटाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, दहावीच्या वर्गाचा ग्रुप, दिंडीचा ग्रुप. कीर्तनकारांच्या एक-एक मिनिटाच्या रील. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याचे स्टेटस. तालुक्यातल्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांची पाने, कारण एकाच बाजूचे ऐकणे बरे दिसत नाही. यातले निरुपयोगी फार थोडे आहे. हीच खरी अडचण. नुसता कचरा असता तर फेकणे सोपे होते. पाण्याची पाळी कधी सुटणार हे कळायला हवे, तोडणीची टोळी कुठवर आली हे कळायला हवे, भावकीतले आजारपणही कळायला हवे. चांगल्याच गोष्टी इतक्या साचतात की त्यांतली एकही धड आत उतरत नाही.

उसाच्या शेतकऱ्याला या अवस्थेचे नाव वेगळे शिकवावे लागत नाही. नीरेच्या कालव्यांखालच्या पट्ट्यात पाणी आले, ऊस आला, आणि जिथे पाणी बेसुमार दिले गेले, निचरा झाला नाही, तिथे उत्तम काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. पाणी वाईट नव्हते. जमीनही वाईट नव्हती. मुळांना श्वास घ्यायला जागा राहिली नाही आणि खालचे क्षार वर आले. अशा जमिनीवर पांढरी पापडी धरते, उगवण विरळ होते, ऊस पिवळा पडून खुजा राहतो. तिच्यावरचा उपाय नुसता पाणी कमी करण्याचा नसतो. चर काढून साचलेले पाणी वाहून जाऊ द्यावे लागते. अति श्रवणाने मनाचेही असेच होते. बातमी कळूनही कळवळा येत नाही, सल्ला ऐकूनही हात हलत नाही, अभंग कानावर पडूनही डोळे कोरडे राहतात.

हा भार आजचा आहे, आणि त्याची यंत्रणाही फार जुनी नाही. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणला. त्याआधी दुसऱ्याच्या पानावर आपण होऊन जावे लागे. त्यानंतर सगळ्यांची पाने वाचणाऱ्याच्या दारात येऊन पडू लागली. २०१६ साली इन्स्टाग्रामने काळाच्या क्रमाने दाखवणे सोडले आणि काय आधी दाखवायचे हे यंत्राच्या अंदाजावर सोपवले. त्याच वर्षी भारतात स्वस्त मोबाइल डेटा आला आणि फोन शेताच्या बांधापर्यंत पोचला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते, की माहिती विपुल झाली की तिला लागणारे अवधान दुर्मिळ होते. त्यांचा मुद्दा आर्थिक होता. दुर्मिळ झालेले अवधान कोणाला द्यायचे, हे ठरवणारा कोण, हा पुढचा प्रश्न अर्थशास्त्राचा राहत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या प्रश्नाला थेट भिडणारा एक विचार आहे. बुद्धी मोहाच्या चिखलातून पार झाली की माणसाला दोन गोष्टींविषयी विरक्ती येते, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात. एक, जे ऐकून झाले आहे. दुसरी, जे ऐकायचे राहिले आहे. लगेच पुढच्या श्लोकात नाना तऱ्हेचे ऐकून गोंधळलेली बुद्धी स्थिर होण्याविषयी ते बोलतात. संदर्भ वेदांतल्या फलश्रुतींचा आहे, कर्मकांडाच्या आश्वासनांचा आहे. तरीही ‘ऐकायचे राहिलेले’ हा वेगळा काढलेला घटक फार मोलाचा आहे. ऐकलेल्याची आसक्ती कोणालाही समजते. आवडलेले गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते. अजून न ऐकलेल्याची आसक्ती अधिक अवघड, कारण तिला विषयच नसतो. कोणीतरी काहीतरी बोलले असेल आणि ते आपल्याला कळले नसेल, एवढ्यावर ती जगते. रात्री फोन उशाशी ठेवून पुन्हा उचलायला लावते ती हीच. फॉलो केलेल्यांची संख्या वाढते तसा ऐकलेल्याचा साठा फार वाढत नाही. ऐकायचे राहिलेले मात्र वाढत जाते.

पुष्कळांचे ऐकावे की थोडक्यांचे, यावर भागवताच्या एकादश स्कंधात एक सबंध संवाद आहे. यदुराजाला एक अवधूत भेटतो. कामधंदा नाही, घरदार नाही, तरी हा आनंदात कसा, असे राजा विचारतो. अवधूत सांगतो, माझे चोवीस गुरू आहेत. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला नावाची वेश्या, टिटवी, बालक, कुमारी, बाण करणारा, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. मराठीत हा संवाद आला तो एकनाथांमुळे. पैठणला सुरू केलेले भागवत त्यांनी वाराणसीत १५७३ साली पुरे केले, आणि तिथे सातवा, आठवा, नववा हे तीन अध्याय या चोवीस गुरूंना मिळाले. श्रीपूरच्या आसपासच्या गावांतल्या मंदिरांतही एकनाथी भागवत सापडू शकते. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा यांच्यासोबत ते वारकऱ्यांच्या प्रस्थानत्रयीत बसते.

चोवीस हा आकडा पाहून अवधूताने पुष्कळांना फॉलो केले होते असे म्हणावेसे वाटते. फरक बारीक आहे आणि सगळे त्यात आहे. या चोविसांपैकी बहुतेकांना आपण कोणाचे गुरू आहोत याचा पत्ताही नाही. अजगर शिकवायला बसलेला नाही, समुद्राला शिष्य नको आहेत. काय घ्यायचे हे अवधूताने ठरवले, आणि प्रत्येकाकडून एक किंवा दोन गोष्टी घेऊन तो पुढे गेला. एकनाथांनी तर हे फोडून सांगितले आहे, की काही गुरू गुण घेण्यासाठी केले, तर काही दोष ओळखून टाकण्यासाठी. म्हणजे इथे निवड पूर्णपणे ऐकणाऱ्याकडे आहे. आजच्या फॉलो करण्यात बरोबर उलटे घडते. ज्याला फॉलो केले त्याला आपले फॉलोअर किती हे नेमके ठाऊक असते आणि तो आकडा वाढावा म्हणून तो बोलतो. कोणाचे कोणते बोलणे आधी दाखवायचे, हे तिसराच कोणी ठरवतो. ऐकणाऱ्याकडे फक्त अंगठा राहतो. गुरू चोवीस असावेत की सहाशे, यापेक्षा निवड कोणाच्या हातात आहे हे अधिक महत्त्वाचे, असा या संवादाचा अर्थ लागतो.

या यादीत कशाच्या तरी ओढीने मरणारे पाच जण जवळजवळ येतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पतंग रूपाने, हत्ती स्पर्शाने, हरिण गाण्याने, मासा आमिषाने, आणि मधमाशी साठ्याने. मधमाशीचा धडा दुहेरी आहे. एकीकडे ती आदर्श आहे. लहान-मोठ्या फुलांतून फुलाला न दुखवता थोडे थोडे घेते, तसे शहाण्याने लहान-मोठ्या शास्त्रांतून सार घ्यावे. दुसरीकडे ती इशारा आहे. संध्याकाळसाठी, उद्यासाठी साठवते आणि साठ्यासकट नाश पावते. यादीत एक सोडून पुढचा गुरू मध काढणारा. जमवले एकाने, नेले दुसऱ्याने. फोनमध्ये ‘नंतर वाचू’ म्हणून जतन केलेल्या शेकडो पोस्ट हा असाच साठा. जतन केले की वाचल्याचे अर्धे समाधान मिळते आणि वाचणे राहून जाते. घेणे आणि साठवणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि एकाच जिवात दोन्ही दाखवून भागवताने तो वेगळेपणा ठसवला आहे.

कुमारीची गोष्ट घरगुती आहे. आई-वडील बाहेर गेलेले, आणि मुलीला पाहायला पाहुणे येतात. घरात तांदूळ नाही. ती आत जाऊन साळी कांडायला बसते. हात वर-खाली होतो तशा शंखाच्या बांगड्या खळखळतात. कांडण्याचा आवाज बाहेर गेला तर घरची ओढग्रस्त कळेल, म्हणून ती एकेक बांगडी फोडत जाते. प्रत्येक हातात दोन उरतात. तरी आवाज होतोच. मग एकेकच ठेवते. मुसळ चालू राहते, आवाज थांबतो. पुष्कळ एकत्र आले की भांडण, दोघे आले की गप्पा, म्हणून एकट्याने हिंडावे, असे अवधूत यातून घेतो. त्याचे घेणे संन्याशाचे आहे. गृहस्थाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलीने कांडणे थांबवले नाही. बांगड्या फोडल्या त्या काम चालू राहावे म्हणून. आणि दोन बांगड्यांवर ती फसली, हेही तितकेच खरे आहे. वीस ग्रुपांवरून दोनावर आलेल्याला वाटते आता शांत झाले. पण ते दोन एकमेकांवर आपटत असतील तर आवाज तोच राहतो.

पिंगला याहून जवळची वाटते. विदेह नगरीतली ही वेश्या संध्याकाळी नटून दारात उभी राहते. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला गिऱ्हाईक वाटतो. हा गेला, पुढचा येईल, तो जास्त देईल. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते, पुन्हा आत जाते. मध्यरात्र होते. झोप नाही. शेवटी आशा सुटते, आणि त्या निराशेतूनच तिला इतके समाधान लाभते की ती सुखाने झोपी जाते. भागवतकार तिच्या धंद्याचा निवाडा करत बसत नाहीत. तिच्या वाट पाहण्याचे वर्णन करतात. दार आणि खोली यांच्यातले तिचे येणे-जाणे वाचताना रात्री साडेबाराला फोन ठेवून पुन्हा उचलणारा हात दिसतो. खाली ओढले की पडदा ताजा होतो, नवे काही येते, ते पुरत नाही, म्हणून पुन्हा ओढायचे. पिंगलेला झोप आली ती कोणी आल्यामुळे नाही. वाट पाहणे संपले म्हणून आली.

बाण करणारा कारागीर आपल्या कामात इतका बुडालेला असतो की राजाची स्वारी वाजत-गाजत शेजारून जाते आणि त्याला कळत नाही. आज याला कोणी बेसावध म्हणेल. गावातून राजा गेला, आणि तुला माहीत नाही? गावात, घरात, कार्यालयात ‘तुला माहीतच नाही?’ हा प्रश्न हल्ली कमीपणा दाखवायला विचारला जातो. अवधूताने त्या न कळण्यालाच गुरू केले.

तरीही ही परंपरा सरसकट थोडक्यांचे ऐका असे सांगत नाही. याच संवादाच्या शेवटाकडे अवधूत कबूल करतो, की एकाच गुरूपासून झालेले ज्ञान पुरेसे आणि भक्कम होईलच असे नाही, कारण ब्रह्म एक असले तरी ऋषी त्याचे वर्णन अनेक परींनी करतात. ही कबुली महत्त्वाची आहे. एकाच पुढाऱ्याचे, एकाच वाहिनीचे, एकाच महाराजांचे ऐकणाऱ्याला भार वाटत नाही, हे खरे. पण ते हलकेपण आंधळेपणाचे असू शकते. रामदासांनीही दासबोधाच्या सातव्या दशकात श्रवणाची थोरवी सांगून त्याला लागूनच कोणत्या ग्रंथाला ग्रंथ म्हणावे, याचा निकष घालून दिला. ज्याच्या ऐकण्याने परमार्थ वाढत नाही, अंगी पश्चात्ताप आणि वैराग्य येत नाही, तो ग्रंथ नव्हे. म्हणजे ऐका, भरपूर ऐका, पण ऐकल्यावर आपल्यात काय पालटले ते पाहा. हा निकष खात्याला लावता येतो. एखाद्याला वर्षभर फॉलो केल्यावर शेतीत, घरात, वागण्यात काय बदलले? काहीच नसेल, फक्त रोज चीड येत असेल, तर ते खाते कितीही खरे बोलत असले तरी त्याचे श्रवण फळलेले नाही.

जैन आचारात हाच विचार नियमांच्या रूपाने आला आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात तो परका नाही. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेतून कितीतरी जुने ग्रंथ संपादून छापले आहेत. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाच्या गुणव्रतांमध्ये अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काही साधत नाही आणि तरी ज्याचे पाप लागते असे वागणे. त्याचे पाच प्रकार दिले आहेत, आणि त्यांतला एक दुःश्रुती, म्हणजे मन कलुषित करणारे ऐकणे. ऐकणे हेही एक कर्म, निष्कारण ऐकणे हा दोष, असे इतके स्पष्ट इतरत्र क्वचितच आढळते. दुसऱ्याचे वाईट चिंतत राहणे हाही त्या पाचांतला एक, अपध्यान. रात्री अनोळखी माणसाच्या पोस्टखालची भांडणे वाचत पडलेल्याला दोन्ही एकदम लागतात.

त्याहून उपयोगाची आहे ती या व्रतांची घडण. दिग्व्रतात आयुष्यभरासाठी हिंडण्याची मर्यादा ठरते. देशावकाशिकात त्याच मर्यादेच्या आत ठरावीक वेळेपुरती आणखी आखूड मर्यादा घालून घेतात, आणि वेळ संपली की ती सुटते. सामायिकाला एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, समतेने बसायचे असते. कायमचे सोडणे न जमणाऱ्या गृहस्थासाठी ही योजना आहे. फोन सोडतो म्हणून घोषणा करणारा आठवड्यात परततो. आज सूर्यास्तानंतर या चार ग्रुपांपलीकडे जाणार नाही, असे ठरवणाऱ्याचे व्रत मोडले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येते.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. ऐकणे कमी करायचे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवायची का? कुठे पूर आला, कोणाचे पीक गेले, कोणाला रक्त हवे आहे, हे सगळे आता याच वाटेने कळते. कान बंद केलेल्याचे मन शांत राहील, पण ती शांती कशाच्या जिवावर? रंजल्या-गांजल्यांना आपले म्हणणे हीच साधुत्वाची खूण मानणाऱ्या वारकरी संप्रदायाला हा प्रश्न टाळता येत नाही. त्याने तो टाळलेलाही नाही.

उत्तर पाहायला माळशिरस तालुक्यातच मिळते. ज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा मुक्काम करत जातो. शेकडो दिंड्या असतात, प्रत्येकीला क्रमांक, काही रथापुढे, काही रथामागे. प्रत्येक दिंडीत वीणेकरी, पखवाजी, टाळकरी. दिवसभर प्रत्येक दिंडी आपला अभंग म्हणत चालते. शेजारची दिंडी दुसरा अभंग म्हणत असते, तिच्या पलीकडची तिसरा. चालणाऱ्याला सगळे ऐकू येते. तो म्हणतो मात्र आपल्या वीणेकऱ्याबरोबर. मोठ्या गजरात आपला सूर धरून ठेवायची ही सवय वारकऱ्याला पायांनी लागते.

संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो. चोपदार हातातला चोप उंच धरून पुकारा करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. तिची काही तक्रार आहे, याची ती खूण. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो, मग तेही टाळ थांबतात. हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, आणि त्यानंतर आरती.

या रीतीत आक्षेपाचे उत्तर आहे. दुखणाऱ्याचा टाळ ऐकू यावा म्हणून बाकीचे गप्प झाले. सगळेच वाजत राहिले असते तर त्या दिंडीचे टाळही त्याच गजरात बुडाले असते. फीडमध्ये नेमके हेच घडते. एका शेतकऱ्याने गाऱ्हाणे मांडलेले असते, त्याच्या वर लग्नाचा व्हिडिओ, खाली पुढाऱ्याचा वाढदिवस, मध्ये जाहिरात. तिघांच्या गडबडीत चौथ्याचे रडणे अंगठ्याखालून सरकून जाते, आणि सरकवणारा निर्दय नसतो. ऐकणे कमी करणे आणि दुःखाला पाठ दाखवणे या दोन गोष्टी म्हणूनच एक नव्हेत. ज्याने फार जणांचे ऐकायचे कबूल केले आहे त्याच्याकडून गरजवंताचे ऐकणे सुटण्याचा धोका अधिक.

व्यवहारात यातून काय निघते, ते थोडक्यात सांगता येते. उसाला पाणी देणारा माणूस पाट फोडून सगळे रान एकदम भिजवत नाही. तो रात्री बॅटरी आणि खोरे घेऊन दारे धरतो. एका सरीचे तोंड उघडतो, पाणी शेवटपर्यंत पोचेपर्यंत थांबतो, दारे मोडून पुढच्या सरीला लावतो. पाट भरून वाहत असतो. त्याचे त्याला काही नसते, कारण सगळे पाणी त्याच्यासाठी सोडलेले नाही. समाजमाध्यमांवरही एका वेळी एकच दार उघडणे शक्य आहे. खात्यांच्या वेगळ्या याद्या करता येतात. हवामान आणि पाण्याची पाळी पाहायची ती सकाळी, त्या यादीत जाऊन, आणि ती संपली की बाहेर. ज्याला विचारावे असे वाटते त्याच्या पानावर आपण होऊन जाणे, २००६ च्या आधी सगळे जात होते तसे, हा सगळ्यात जुना आणि चांगला मार्ग आहे. त्यात निवड जाणाऱ्याकडे राहते.

भावकीच्या ग्रुपचा प्रश्न निराळा आहे. तिथून ‘लेफ्ट’ होणे म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठून जाणे. गावात त्याचा बोभाटा होतो आणि माणसे दुखावतात. अशा ठिकाणी नाते ठेवावे आणि घंटी बंद करावी. ग्रुप म्यूट करणाऱ्याने कोणाचा अपमान केलेला नसतो. मयत, आजारपण, कार्य यांसाठी फोन येतोच, आणि तो घेण्याइतके मन मोकळे राहते. पुढे पाठवणे हा भार वाढवण्याचा दुसरा मार्ग. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोर पावणेतीनशे-तीनशे वर्षांच्या नकलांत शिरलेले अपपाठ होते. नक्कल करणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. नाथांनी ते निवडून काढले आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी एकदा थांबणारा त्याच शिस्तीत बसतो.

जतन करून ठेवलेल्या पोस्टचा साठा महिन्याकाठी एकदा उघडावा. त्यातले एखादे वाचून, खताची मात्रा असेल तर वहीत उतरवून, अभंगाचे निरूपण असेल तर घरात कोणाला सांगून, बाकीचे न वाचता पुसून टाकावे. न वाचता पुसणे जड जाते. गीतेत सांगितलेल्या, ऐकायचे राहिलेल्याविषयीच्या विरक्तीचा सराव घरबसल्या करायचा तर तो इथे होतो. पहिल्या खेपेला हात अडतो, काहीतरी मोलाचे जात आहे असे वाटते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात साठा आपोआप लहान होत जातो, कारण जतन करतानाच हे आपण वाचणार आहोत का, असा विचार मनात येऊ लागतो.